ग चा अ

अॅबर्डीन. फॉरेस्टरहिलच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
आयली नावाच्या मुलीनं, वय फार तर अठ्ठावीस,
करंगळीवर शाईचा डाग,
कागद माझ्याकडे फिरवला
आणि म्हणाली, इथे बघा. एवढंच.

एवढंच म्हणजे एक अक्षर.
ग होता तिथे अ.
क्लोराइडची ने-आण करणाऱ्या सात नंबरच्या प्रथिनात
दोनशे पंधराव्या जागेवर
ग्लायसीन बसायचं, तिथं आर्जिनीन येऊन बसलंय.
मला तिला सांगायचं होतं,
आमच्याकडे एका अक्षरापायी
अठरा वर्षांचा पोरगा कापून काढला होता, आयली.
ध चा मा.
त्या कागदावर खाडाखोड तरी दिसली असेल.
इथलं अक्षर किती स्वच्छ आहे.

हाड रोज थोडं थोडं पाडावं लागतं, ती म्हणाली.
पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या.
पाडणारी हाडाला चिकटून बसते,
खाली आम्ल सोडते, जुनं विरघळतं,
मग गवंडी येतात.
आमच्या घराण्यात गवंडी वेळेवर येतात.
पाडणारेही येतात, बसतात,
पण आम्लच उतरत नाही,
दार किलकिलं, क्लोराइड आतच खोळंबलेलं.
जुन्यावर नवं चढतं, त्याच्यावर आणखी नवं.

निहारच्या एक्स-रेत हाडाच्या आत हाड दिसतं.
मणक्यांना वर-खाली पांढरे पट्टे,
रग्बीच्या जर्सीसारखे.
तेवढं त्याला आवडलं.
अकरा वर्षांचा आहे.
फुटपाथवरून उतरताना मांडीचं हाड मोडलं, नुसतं उतरताना,
आणि सळई घालणारे डॉक्टर ड्रमंड बाहेर येऊन म्हणाले,
दोन ड्रिल वाकली माझी.
इतकं कठीण, आणि मोडलं मात्र खडूसारखं.

मिरजेला अण्णांची दाढ काढताना जबडा तडकला होता.
वज्राचं हाड, असं तिथले डॉक्टर म्हणाले
आणि आम्ही ते लग्नाकार्यात सांगत राहिलो,
जसं काही मेडल मिळालंय.
अण्णा स्वतः म्हणायचे, मोडेन पण वाकणार नाही.
मोडले.
मनगट मोडलं तेव्हा मोरीला शिव्या,
गळपट्टीचं हाड, तेव्हा सायकलला,
आणि खुबा मोडला त्या दिवशी
शेजारच्या जोगळेकरांचं कुत्रं पायात आलं होतं.

आणि तुम्ही? आयलीनं विचारलं.
मी पडले आहे. बर्फावर, जिन्यावरून,
एकदा पोटुशी असताना बसमध्ये.
काहीच झालं नाही.
असं होतं काहींचं, ती म्हणाली,
अक्षर असतं, पण बोलत नाही.
म्हणजे मी पाकीट.
न फोडता पुढे दिलेलं.

परतताना निहारला रुबिस्लॉची खाण बघायची होती.
कुबड्या कुंपणाला टेकवून
जाळीतून तो खाली बघत राहिला.
काळं पाणी, त्यावर दोन सीगल.
इथला दगड कुठे गेला?
मी मागे हात केला. ती शाळा, ते चर्च,
आपलं घर, आख्खी युनियन स्ट्रीट.
त्यानं जरा विचार केला.
म्हणजे ह्यांच्याकडे खाणारे होते, म्हणाला,
आणि चिप्स मागितले.

रात्री अण्णांना फोन लावला. तिकडे पहाट.
त्यांना अक्षर सांगितलं, प्रथिन सांगितलं,
दार सांगितलं. हं, हं, म्हणत राहिले.
मी म्हटलं, अण्णा, मोरीचा दोष नव्हता.
सायकलचा नव्हता.
कुत्र्याचाही नव्हता.

बराच वेळ लाइनवर नुसती खरखर.
मग म्हणाले,
मी ते कुत्रं नगरपालिकेला सांगून उचलायला लावलं होतं गं.